माजघरातली चार भोकं

आमच्या गावच्या घराच्या माजघरात जमिनीत चार भोकं आहेत. एका रेषेत, दोन-दोन हातांच्या अंतरावर, प्रत्येक मुठीएवढं. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी चुलत भावंडं जमलो की ती उकरून त्यात गोट्या खेळायचो, आजी ओरडायची, सारवताना परत बुजवून टाकायची, आम्ही दुसऱ्या दिवशी परत उकरायचो. ती कशाची भोकं आहेत हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. तो पडला २०२० मध्ये, छप्पर उडाल्यावर.

गाव दापोली तालुक्यात, हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि आमचा सगळा भाग त्यात सापडला. मी तेव्हा नेरूळला, लॉकडाऊनमध्ये अडकलेली. दुपारी बाबांचा फोन आला की पडवीची कौलं वाजायला लागलीत, मग फोन कट, मग तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी बाबांनी टेकाडावर चढून रेंज मिळवली आणि सांगितलं की आम्ही दोघं बरे आहोत, बाग गेली, पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ झोपले. घराचं विचारलं तर म्हणाले, येशील तेव्हा बघ.

जायला मिळालं ते जुलैच्या शेवटी, ई-पास काढून. घरावर निळी ताडपत्री, तिच्यावर ठिकठिकाणी दगड ठेवलेले. मागची पडवी नव्हतीच. म्हणजे जोतं होतं, बाकी छप्पर वाशांसकट उचलून वाऱ्याने शेजारच्या परसात नेऊन टाकलं होतं. पुढे ओटीवर फणसाची मोठी फांदी पडलेली. पण मधलं मूळ घर, म्हणजे माजघर, देवघर आणि दोन खोल्या, त्याची फक्त कडेच्या दोन-तीन रांगांमधली कौलं गेली होती. आढं जागेवर, तुळया जागेवर, भिंतीला एक चीर नाही. माजघरातल्या तुळईवर शके १८४४ कोरलेलं आहे, म्हणजे १९२२. अठ्ठ्याण्णव वर्षांचं घर.

आता सगळ्यांचं एकच म्हणणं, पाडा आणि स्लॅबचं बांधा. काका, आत्या, वाडीतली माणसं, माझा नवरासुद्धा. मी कुणाला दोष देत नाही, ज्यांनी त्या दुपारी डोक्यावरचं छप्पर उडताना ऐकलंय त्यांना स्लॅब हवासा वाटणारच. शिवाय कौलारू घराचा ताप खरा आहे. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करायची तर माणसं मिळत नाहीत, वाळवी लागते, आणि वांदरं! एक कळप छपरावरून गेला की पाच-दहा कौलं फुटलीच म्हणून समजा. आमच्या वाडीत कितीतरी जणांनी निव्वळ वांदरांना कंटाळून पत्रे टाकलेत.

एक कॉन्ट्रॅक्टर येऊन टेपने मापं घेऊन गेला आणि दोन दिवसांत त्याने प्लॅन पाठवला. तीन बेडरूम, हॉल, किचन, पुढे बाल्कनी. मी तो प्लॅन मोबाइलवर मोठा करून करून बघत होते आणि मला सारखं एकच वाटत होतं की हा तर माझा नेरूळचा फ्लॅट आहे. गणपतीला आमच्याकडे तेवीस-चोवीस माणसं येतात, ती झोपणार कुठे? मे महिन्यात आंबे पिकत कुठे घालायचे? आई गुडघ्यांनी बेजार आहे, बाथरूम तिच्या खोलीतून कितीसं लांब आहे? आणि उद्या दोघांपैकी एकच राहिलं तर त्या तीन बेडरूमचं काय करायचं? प्लॅनमध्ये यातलं काहीच नव्हतं, कारण तो आमच्या घराचा प्लॅन नव्हताच, तो 'घर' नावाच्या कुठल्यातरी ठरलेल्या वस्तूचा प्लॅन होता.

त्या संध्याकाळी लाइट नव्हतीच, कंदील लावून माजघरात बसलो होतो, तेव्हा बाबांनी जमिनीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ही भोकं कशाची माहितीये का तुला?

ती कुडाची होती. पणजोबा गेल्यावर आजोबांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण नव्हतं मोठंसं, पण दोन जावा, दोन चुली, तर घर फोडण्याऐवजी माजघराच्या मधोमध कूड घातला. कूड म्हणजे काय हे शहरातल्यांना सांगायला हवं, चार उभे खांब जमिनीत रोवायचे, त्यांना कारवीच्या काठ्या दाटीवाटीने बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप द्यायचा, झाली भिंत. कारवी आमच्याकडे डोंगरावर होते, सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते, त्याच काठ्या लोक घरासाठी आणतात. पुढे धाकट्या भावाचं कुटुंब मुंबईला गिरणगावात गेलं, इकडे कूड काढला, माजघर परत एक झालं.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी संपलाच नाही असं म्हणतात ते खरंय, कोकणातल्या घराघरांना ते माहितीये. बाबांचे चुलतभाऊ, आमचे मुंबईचे काका, काकू आणि तीन मुलं घेऊन गावी परत आले. एका घरात अचानक पाच माणसं वाढली. बाबा म्हणाले, त्याच चार भोकांत परत खांब रोवले, कूड उभा केला, अडीच वर्षं ते आमच्याबरोबर त्या अर्ध्या माजघरात राहिले. काकांना पुण्यात काम मिळालं तसा कूड उतरवला, खांब माळ्यावर ठेवले. "अजून असतील वर," बाबा म्हणाले. मी टॉर्च घेऊन माळ्यावर गेले आणि होते. चार खांब, किंजळीचे, धुराने काळे झालेले.

मला हे सगळं ऐकून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आमच्या घरात एक खोली होती जी लागेल तेव्हा यायची आणि नको असेल तेव्हा माळ्यावर जाऊन बसायची. मी इतकी वर्षं त्या घराला जुनं घर म्हणत आले. आणि आता जिकडेतिकडे सस्टेनेबल, फ्लेक्सिबल घरांचं ऐकते तेव्हा मला ती भोकं दिसतात.

मग आठवायला लागलं की हे एवढंच नाहीये. दिवाळीनंतर पुढच्या खळ्यात पोफळीच्या खांबांवर मांडव पडायचा, वर नारळाची झापं, आणि मे अखेरपर्यंत आमचं सगळं आयुष्य त्या मांडवाखाली, जेवणं, झोपणं, कोकमं फोडणं, लग्नकार्य. पाऊस आला की मांडव उतरायचा आणि तीच झापं पश्चिमेच्या भिंतीला बांधायची, झड लागू नये म्हणून. म्हणजे आमचं घर उन्हाळ्यात एका मापाचं आणि पावसाळ्यात दुसऱ्या मापाचं. सीझन संपला की झाप कुजून माडाच्या आळ्यात. यात टाकाऊ असं काही उरतच नाही.

आम्ही पाडायचं नाही, दुरुस्त करायचं आणि बदलायचं ठरवलं. घरात यावरून खूप बोलणी झाली ती इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की आई आमच्या बाजूने बोलली म्हणून ते झालं, आणि तिने एकच अट घातली, मला एकही पायरी न उतरता संडासला जाता आलं पाहिजे. तिचं बरोबर होतं. जुन्या घरांचं कौतुक करणारे लोक उंबरठ्यांबद्दल बोलत नाहीत. आमच्या घरात ओटीवरून मागच्या दारापर्यंत चार उंबरठे आणि तीन ठिकाणी पायऱ्या होत्या, आणि संडास परसात.

गवंडीकाका आमच्याच वाडीतले, सत्तरीचे. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, नवीन चिरा (भिंतीसाठी घडवलेला जांभा दगड) आणू नका, गोठ्याचा चिरा आहे ना. गोठा रिकामा होऊन वीस वर्षं झाली, भिंती नुसत्या उभ्या होत्या. आणि दुसरं, परसातला संडास-बाथरूम, जो १९९५ च्या सुमाराला सिमेंटमध्ये बांधला होता, तोही पाडायचा होता. दोन्ही एकाच आठवड्यात पाडले आणि मी जे बघितलं ते मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर पटलं नसतं.

गोठ्याच्या भिंती मातीत बांधलेल्या, बाहेरून फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याने भरलेल्या. काकांनी पहारीचं टोक दोन चिऱ्यांमध्ये घातलं, थोडं हलवलं, आणि अख्खा चिरा सुटून हातात आला, तीसेक किलोचा, चारही कोपरे शाबूत. त्याच्यावर टाकीचे घाव अजून दिसत होते, तिरपे, एका हाताने घातलेले. काकांनी त्याला हातोडीच्या दांड्याने टकटक केलं, आवाज ऐकला, म्हणाले, "ह्यो बगा ताई, खाणीतून निगाला तवा मऊ व्हता, आता कसा वाजतोय." जांभ्याचं असंच असतं, खाणीत असताना कुऱ्हाडीने कापता येईल इतका नरम, हवा लागत गेली की कडक होत जातो. त्या गोठ्यातून चारशेवर चिरे सुटे निघाले. आणि सिमेंटमध्ये बांधलेला तो संडास? एक चिरा धड निघाला नाही. सिमेंट सुटेना, चिराच फुटायचा. सगळा ढिगारा झाला, तो डंपरने उचलून न्यायला पैसे द्यावे लागले.

चिरा तोच, एकाच डोंगरातला. एक शंभर वर्षांनी परत वापरता आला आणि एक पंचवीस वर्षांत कचरा झाला, फरक फक्त मधल्या मालाचा. आपण घर बांधतो तेव्हा ते किती मजबूत चिकटलंय हेच बघतो. ते सुटणार कसं हे कुणी विचारतच नाही.

हे मी नंतर बरंच वाचलं. जगातून दरवर्षी जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते ते आहेच, पण त्याहून जास्त गॅस खुद्द चुनखडीतून निघतो, दगड भाजला की त्याच्या पोटातलाच कार्बन बाहेर पडतो, इंधन कितीही स्वच्छ वापरलं तरी हा भाग टळत नाही. चुना भाजतानाही गॅस निघतोच, तो काही निर्दोष नाही, पण तो कमी आचेवर भाजतो आणि भिंतीत घातल्यावर हवेतला थोडा गॅस परत घेत घेत घट्ट होतो. आणि मुख्य म्हणजे तो दगडाला सोडतो. माझ्यासाठी सगळ्यात मोठं तेच.

आम्ही चुना वापरला. काकांनी लहानपणी बापाच्या हाताखाली केलेलं काम, मधली चाळीस वर्षं फक्त सिमेंट. परसात खड्डा खणून त्यात कळीचा चुना टाकला, वरून पाणी सोडलं, आणि तो खड्डा अक्षरशः उकळायला लागला, वाफेचे लोट, फसफस आवाज, आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं होतं. मग पंधरा दिवस तो पाण्याखाली झाकून ठेवला. उघडला तेव्हा लोण्यासारखा. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, मिसळून भिंती बांधल्या. काम सावकाश चालतं, थर वाळायला वेळ द्यावा लागतो, घाई असेल त्याने या फंदात पडू नये.

आणि भाबडेपणा नको म्हणून हेही लिहिते. मातीत बांधलेल्या दगडी भिंती भूकंपात जीव घेतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत तेच झालं, जाड दगडमातीच्या भिंती आणि वर धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, मणामणाचा बोजा. आजी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सांगायची, आमच्याकडेही भांडी पडली होती. आमचं छप्पर हलकं आहे, तरी एका ओळखीच्या इंजिनीअर मुलीने सांगितल्यावर नव्या खोलीच्या भिंतींवर, वासे बसतात तिथे, चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घातला. तेवढं सिमेंट वापरलं आणि त्याचं मला काहीच वाईट वाटत नाही. जिथे त्याचं काम आहे तिथे ते हवंच.

तिनेच मला पडवीचं कोडं सोडवून दिलं. मला वाटत होतं पडवी कच्ची बांधली होती म्हणून गेली. ती म्हणाली, पडवीचं छप्पर मूळ छपरापेक्षा हातभर खाली आणि वेगळं बसवलेलं होतं ना, म्हणून घर वाचलं. पडवीसारख्या तीन बाजूंनी उघड्या जागेत वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. एकच सलग छप्पर असतं तर त्याने पडवीबरोबर माजघराचंही उचललं असतं. म्हणजे पणजोबांनी ज्याला सांगितलं असेल त्या सुताराने जाण्याजोगा भाग आणि राहण्याजोगा भाग वेगळा केलेला होता. आम्ही नवीन पडवीही तशीच वेगळी केली, जीआय पाइपचा सांगाडा, वेल्डिंग न करता नटबोल्टने जोडलेला, म्हणजे गंजलेला तुकडा एकटा बदलता येईल, आणि कडेच्या रांगांची कौलं तारेने बांधून घेतली. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला तारेसाठी भोक असतं, माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं होतं ते. चौरस मीटरला साधारण १५ कौलं बसतात, त्यातलं फुटलं ते एकच काढायचं, दुसरं सरकवायचं. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आमची पहिली कौलं गलबतातून हर्णै बंदरात उतरली असं आजोबा सांगायचे. त्यातली निम्म्याहून जास्त अजून छपरावर आहेत.

आता स्लॅबवाल्यांबद्दल. मी कोकणातून येता-जाता बघते, दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घातलेल्या स्लॅबवर आज पत्र्याची शेड आहे. कारण स्लॅब गळतो, आणि एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापून रात्री ती उष्णता खाली सोडतो. समुद्राजवळ तर खारी हवा आत शिरून सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात. आणि बऱ्याच घरांवर पिलरच्या सळया आकाशाकडे सोडलेल्या दिसतात, मुलगा कमावता झाला की वरचा मजला चढवू म्हणून. ती आशा मला फार आपली वाटते, त्या सळया म्हणजे आमच्या माजघरातली भोकंच आहेत. फक्त त्या गंजत असतात.

ही वाढती घरं शहरात कशी करायची याचं उत्तर माझ्या नेरूळच्या घरापासून तीन स्टेशनांच्या आत आहे आणि मी ते पंधरा वर्षं बघितलं नव्हतं. सीबीडी बेलापूरला सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते ८६ दरम्यान केलेली वसाहत. कोरिया म्हणजे ज्यांनी शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पनाच मांडली ते. माझी एक मैत्रीण तिथे राहते, मागच्या वर्षी तिच्याकडे गेले तेव्हा घरांची रचना वगैरे डोक्यात घेऊन पहिल्यांदाच बघितलं.

सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या चौकाभोवती. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरं एका मोठ्या चौकाभोवती. मधून पावसाळी ओढा. प्लॉट अगदी लहान, साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांचे जवळजवळ सारख्याच मापाचे, घराची किंमत वेगवेगळी पण जमीन सारखी. सुरुवातीची घरं साधी, विटांच्या भिंती आणि वर उतरतं कौलारू छप्पर, कुठल्याही गवंड्याला जमेल अशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. म्हणजे तुम्हाला खोली वाढवायचीय, मजला चढवायचाय, शेजाऱ्याची भिंत मोडत नाही. दाट वस्ती, हेक्टरी ५०० माणसांच्या हिशोबाने आखलेली, आणि एकही टॉवर नाही.

आज तिथे गेलात तर कोरियांची मूळ घरं शोधावी लागतात. बरीचशी पाडून लोकांनी दोन-तीन मजली बंगले बांधलेत, टाइल्स, काचा, रंगीबेरंगी खांब. आर्किटेक्ट लोक याबद्दल हळहळतात. मला अजिबात वाईट वाटलं नाही, कारण चौक जिवंत होते. संध्याकाळची वेळ, मैत्रिणीच्या चौकात दोन मुलं सायकल शिकत होती, एक आजी पायरीवर मेथी निवडत बसलेली आणि तिचं लक्ष त्या मुलांवर. घरं बदलली, माणसं बदलली, चौक राहिला. मैत्रिणीचं घर तीन वेळा वाढलंय, आधी स्वयंपाकघर मागे सरकलं, मग वर एक खोली, मग सासऱ्यांसाठी खाली संडास. फक्त एक गोष्ट तिलाही खटकते आणि मलाही खटकली, काही चौकांत सगळ्यांनी तीन मजले चढवल्यावर दुपारनंतर ऊन उतरत नाही. वाढायला मोकळीक हवी पण किती वाढायचं याचं काहीतरी आपापसात ठरलेलं हवं, आठ मीटरच्या चौकाला तीन मजले जड होतात.

पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला अरण्य वसाहतीत याच्याही अलीकडे थांबून बघितलं. साडेसहा हजार घरांची योजना, आणि सगळ्यात गरीब कुटुंबाला काय दिलं, तर जोतं, न्हाणी-संडास, पाणी आणि गटाराची जोडणी. बाकीचं तुम्ही बांधा, पैसे येतील तसं. नमुन्यादाखल ८० घरं बांधून दाखवली की अशीही होऊ शकतात, तशीही. त्या कामाला १९९५ मध्ये वास्तुरचनेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला, दोशींना २०१८ मध्ये त्याच क्षेत्रातला प्रित्झ्कर. मला मात्र त्यात आजोबांचं बोलणं ऐकू येतं, ते म्हणायचे जोतं ऐपतीपेक्षा थोडं मोठं घालावं. आमच्या घराचं जोतं पूर्वेला सहा-सात फूट उगाचच पुढे आहे, त्यावर इतकी वर्षं नुसती जळणाची लाकडं असायची.

माझ्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच शक्य नाही आणि आता जे नवीन टॉवर होतायत त्यात तर मुळीच नाही, तिथे सगळ्या भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या असतात, आतलीसुद्धा भिंत हलवता येत नाही. दोन बेडरूमच्या मधली भिंत काढून एक मोठी खोली करायची म्हटलं तरी बिल्डिंगला धोका. माणसाचं आयुष्य दर दहा वर्षांनी बदलतं, मुलं होतात, जातात, आईवडील येऊन राहतात, आजारपण येतं. आणि घर तिथेच, एका विशिष्ट वयाच्या एका विशिष्ट चौकोनी कुटुंबासाठी ओतून घट्ट केलेलं. मग तीस वर्षांत रिडेव्हलपमेंट, सगळा ढिगारा. मला हे बघवत नाही खरंच. निदान आतल्या भिंती तरी हलक्या, सुट्या ठेवा, पाण्याचे आणि विजेचे पाइप भिंत न फोडता हाताला लागतील असे ठेवा, एवढं तरी बिल्डरकडे मागायला आपण शिकायला हवं. आपण मॉड्युलर किचन मागतो, क्लबहाउस मागतो, हे मागतच नाही.

तर आमचं घर. मागच्या पडवीच्या अर्ध्या जागेत आईची खोली झाली, जमीन माजघराच्या पातळीला उचलून घेतली, दोन उंबरठे काढले, एकाला उतार केला, खोलीला लागून संडास-बाथरूम, दार तीन फूट रुंद, उद्या व्हीलचेअर लागली तर जाईल असं. सगळ्या भिंती गोठ्याच्या चिऱ्यांच्या. नवीन पूर्ण घराला जेवढा खर्च सांगितला होता त्याच्या निम्म्याहून कमी लागला, वेळ मात्र दुप्पट.

आणि २०२१ च्या मार्चमध्ये, काम चालू असतानाच, कोरोनाची दुसरी लाट आली आणि मी लेकीला घेऊन गावी जाऊन राहिले. सात महिने. माझं ऑफिस लॅपटॉपवर, तिची शाळा मोबाइलवर, बाबांचा टीव्ही, आणि माजघर एकच. तिसऱ्या दिवशी बाबा काही न बोलता माळ्यावर चढले आणि एकेक करून चारही खांब खाली दिले. मी खुरपं घेऊन भोकं उकरली. तीन लगेच मोकळी झाली, चौथ्यात आतून दोन गोट्या निघाल्या, एक हिरवी आणि एक पांढरी. कारवीऐवजी बांबूच्या पट्ट्या बांधल्या, लेपाची माती आईने मळली, लेकीने दोन्ही हातांनी थापली, तिच्या बोटांचे ठसे तसेच ठेवले. आठवड्यात माझी खोली तयार. त्या कुडाआड बसून मी सात महिने मीटिंगा केल्या. ऑक्टोबरमध्ये निघताना तो उतरवला, माती परत खळ्यात पसरली, खांब माळ्यावर गेले.

आईच्या खोलीचं काम संपत आलं तेव्हाची एक गोष्ट राहिली. खोलीची एक भिंत पूर्वेच्या त्या जास्तीच्या जोत्याच्या टोकाला येऊन थांबते. काका शेवटचा कोपरा सरळ करून बंद करायला लागले तर बाबांनी थांबवलं आणि सांगितलं, एक थर आड एक चिरा बाहेर काढून ठेवा. म्हणजे पुढे कधी भिंत वाढवायची झाली तर तिथे अडकवता येईल. काकांनी विचारलं, काय करायचंय अण्णा तिकडं? बाबा म्हणाले, मला काय माहीत. काकांनी ओळंबा धरला आणि पाच चिरे अर्धे-अर्धे बाहेर काढून बसवले.

सध्या आई त्यांच्यावर सुपं ठेवून कोकमाची सोलं वाळवते. उंची तिला बरोबर पडते, वाकावं लागत नाही.